प्रश्नोत्तरे : थ्री नॉट थ्रीची हेडस्पेस

प्रश्न : लायसन्सवर जुनी ली-एनफिल्ड नंबर ४ ही थ्री नॉट थ्री (.३०३) रायफल घेतली आहे. झाडलेल्या काडतुसाच्या केसच्या (पितळी कवचाच्या) बुडाजवळ चकचकीत कडं दिसतं. हेडस्पेस बिघडली असेल का? काडतुसं कोणती वापरावीत?
– एक वाचक, ओंटारिओ, कॅनडा

उत्तर : शंका रास्त आहे, पण आधी केस तपासा. .३०३च्या काडतुसाची कड (बुडाभोवतीची बाहेर आलेली किनार) नळीच्या मागच्या तोंडावर टेकते. तिथपासून बोल्टहेडपर्यंतचं (काडतूस मागून अडवणाऱ्या बोल्टच्या पुढच्या टोकापर्यंतचं) अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त असलं की फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे सरकतं, दाबाने केसची भिंत चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) घट्ट धरते आणि बूड मात्र मागे बोल्टपर्यंत जातं. मधलं पितळ ताणून पातळ होतं. बाहेरचं कडं फसवंही असतं, म्हणून बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून, घासून टोकदार करा आणि केसच्या आतून बुडाकडून वर ओढा. टोक खाचेत अडकलं तर ती केस मोडीत.

आता गेज, म्हणजे हेडस्पेस तपासायचे ठरावीक जाडीचे तुकडे. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आणि कोरडं करा, एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा) उतरवा. गेज ठेवून बोल्ट बोटाच्या हलक्या दाबाने मिटवायचा. दांड्यावर जोर दिलात तर गेज खोटं बोलेल. ०.०६४ इंचाच्या ‘गो’वर (किमान मापाच्या गेजवर) तो मिटलाच पाहिजे, ०.०७४च्या ‘फील्ड’वर (वापरलेल्या रायफलीच्या कमाल मापाच्या गेजवर) मिटता कामा नये. ०.०७०च्या ‘नो-गो’वर (मधल्या मापाच्या गेजवर) मिटला म्हणून वापरलेली रायफल लगेच बाद होत नाही.

‘फील्ड’वर मिटला तर रायफल बंद ठेवा. नंबर ४चे बोल्टहेड ०, १, २, ३ अशा चढत्या लांबीचे असतात. पण आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा. जुना १ कधी कधी नव्या ०एवढाच भरतो. ३ घालूनही भागलं नाही तर काम गनस्मिथचं.

गेज ठीक आणि केस तरी ताणते? मग काडतुसाची कड पातळ असेल, व्हर्नियरने मोजा. केस पुन्हा भरत असाल तर फक्त मान साइझ करा (केसचा तोंडाकडचा अरुंद भागच मापात आणा), म्हणजे केस कडेऐवजी खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) टेकेल. मात्र ती त्याच रायफलीत वापरायची.

काडतुसं १७४ ग्रेनच्या आसपास वजनाच्या गोळीची, नवी, बॉक्सर प्रायमरची (प्रायमर म्हणजे बुडातली पेट घेणारी टोपी) घ्या. झिजलेल्या नळीत सपाट बुडाची गोळी बोट-टेलपेक्षा (निमुळत्या बुडाच्या गोळीपेक्षा) सहसा बरी जाते. मार्क ८झेड हे काडतूस मशीनगनसाठीचं, ते नको. जुनं लष्करी काडतूस झाडलंत तर त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओता, कोरडी करा, मग तेल. नुसत्या तेलाने प्रायमरचा क्षार निघत नाही.