तिसरीत आहे, पण वाचता येत नाही

जुलै 2022. बार्शी तालुक्यातल्या एका गावातून आई मुलाला घेऊन आली होती. मुलगा तिसरीत. त्याला सोहम म्हणू. "मॅडम, ह्याच्या डोक्यात तर काही कमी नाही ना? तिसरीत गेला तरी वाचता येत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तपासून घ्या." त्या वर्षी हाच प्रश्न घेऊन कितीतरी आया माझ्यासमोर बसल्या.

पहिलीचं पुस्तक पुढ्यात ठेवलं. सोहमने कविता धडाधड म्हटली, पानही वेळेवर उलटलं. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तसा गप्प झाला. सुटी अक्षरं ओळखली, काना आला, वेलांटीशी अडला.

मग आईबरोबर हिशेब मांडला. पहिलीत जायचं जून 2020 मध्ये, आणि शाळा मार्चपासूनच बंद. घरात फोन एक, तो दिवसभर वडिलांबरोबर टेंपोवर. संध्याकाळी आला की आधी आठवीतल्या ताईचा अभ्यास, उरलेल्या चार्जिंगवर सोहमच्या गटात आलेलं पान, तेही तडकलेल्या काचेतून. गावात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 मध्ये उघडले, जानेवारीत पुन्हा बंद. म्हणजे पहिलीचा वर्ग त्याने पाहिलाच नव्हता.

"ताई, शिकवलंच नाही ते येणार कुठून?" मी आईला म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. न वाचण्यावरून तिने त्याला मारलं होतं.

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन किंवा गणित न जमणं, असं म्हणायच्या आधी शिकवणं पुरेसं मिळालं का, आणि नीट मदत देऊनही अडचण निदान सहा महिने टिकते का, हे पाहावंच लागतं. इथे पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं. पुढे मुलांचं वाचन-गणित तपासणारी 'असर'ची 2022ची पाहणी आली: देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीची मुलं 20.5 टक्के, 2018मध्ये 27.3. (म्हणजे महामारीआधीही चारातली तीन मुलं मागेच होती, हे मला फार लागतं.)

सोहमची अध्ययन अक्षमतेची चाचणी केली नाही. रोज वीस मिनिटं त्याच्या मोठ्या बहिणीने बसवायचं, बाराखडीची एकेक ओळ, मग त्याच्याच तोंडचे शब्द: टेंपो, म्हैस, भाकरी. मारायचं नाही. सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर चाचणी.

नोव्हेंबरमध्ये मायलेक आले. "एसटीची पाटी वाचली," सोहम म्हणाला.

"काय होतं?"

"बाशीर." थांबला. हवेत बोटाने काहीतरी गिरवलं. "नाही, बार्शी."

मी वहीत 'रफार' एवढंच लिहिलं आणि पुढची तारीख दिली.