वाचकांचे प्रश्न : पुस्तिकेत युद्ध किती आणि घर किती?

प्रश्न : माझे आजोबा, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणत, गेल्या वर्षी वयाच्या ९९ व्या वर्षी नौपाड्यातील राहत्या घरी गेले. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने सोळा पानांची स्मरणपुस्तिका काढावी, असे आम्ही नातवंडांनी ठरवले आहे. तात्या १९४२ मध्ये महाड तालुक्यातून पलटणीत भरती झाले, १९४६ मध्ये घरी परतले आणि पुढे वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्या महायुद्धाबद्दल ते जवळजवळ बोलतच नसत. त्यांच्या ट्रंकेत मराठा लाइट इन्फन्ट्रीची डिस्चार्जची वही मिळाली. तीत ‘१/५’ असा आकडा आहे. लाल, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीचा एक ताराही आहे. चुलतभावाच्या मसुद्यात बारा पाने युद्धाची आहेत आणि ‘व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांच्या खांद्याला खांदा लावून लढले’ असे वाक्य आहे (हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक). मला आठवते ते वेगळेच : आजीला अर्धांगवायू झाल्यावर सात वर्षे तिची वेणी तात्याच घालत, आणि गोखले रस्ता ओलांडताना आमचा हात धरून ‘पियानो, पियानो’ म्हणत, ज्याचा अर्थ आम्हाला कधी कळला नाही. युद्ध किती आणि घर किती लिहावे? काळवंडलेला तारा पितांबरीने घासावा का?
— एक नात, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी ‘पियानो’चे पाहू, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच उलगडते. इटालियन भाषेत ‘पियानो, पियानो’ म्हणजे ‘हळूहळू, सावकाश’. वाजवायच्या पियानोशी तात्यांना काही देणेघेणे नव्हते. रहदारीत घाई करणाऱ्या नातवंडांना ते विशी-बाविशीत कानांवर पडलेल्या भाषेत आवरत होते. आपण वर्णन केलेला ताराही तेच सांगतो. लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी आणि लाल अशी फीत असलेला सहा टोकांचा तारा म्हणजे ‘इटली स्टार’. जून १९४३ ते मे १९४५ या काळात इटलीच्या आघाडीवर सेवा केलेल्यांना तो मिळाला.

आता ‘१/५’. हा अपूर्णांक नव्हे. त्या काळी मराठा रेजिमेंटचा क्रमांक पाच होता, म्हणून खालचा पाच रेजिमेंटचा आणि वरचा एक बटालियनचा. तात्या पहिल्या बटालियनमध्ये होते. माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले. तिसरी बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे अनेक बटालियनच्या मोठ्या सेनाविभागात होती आणि पहिली आठव्या. तेव्हा चुलतभावांचे ते वाक्य काढावेच लागेल. त्याऐवजी पहिल्या बटालियनच्याच नामदेव जाधव यांचे नाव घालण्याचा मोह होईल. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सहकाऱ्यांना वाचवून त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण बटालियनमध्ये सात-आठशे माणसे असतात आणि तात्या त्या दिवशी नेमके कोठे होते, हे आपल्या हातातील कागद सांगत नाहीत. ‘त्याच बटालियनमध्ये होते’ एवढेच लिहा. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिण इटलीतील तारांतो बंदरात उतरली आणि सांग्रो नदी, कॅसिनो गाव करत उत्तरेकडे सेनिओपर्यंत गेली, हा मार्ग छोट्या नकाशावर दाखवता येईल. मात्र तात्या त्यात कधी सामील झाले, ते वहीतील तारखांशी ताडून पाहा. वहीतला शिपाई क्रमांक देऊन बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र पाठवावे आणि ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी. उत्तराला वेळ लागतो, पुस्तिका त्यासाठी अडवून ठेवू नका.

पानांचे म्हणाल तर ९९ वर्षांतील चार वर्षांना सोळापैकी बारा पाने देणे मला पटत नाही. चार पुरेत. चुलतभावांना वाईट वाटेल, पण त्यांनी गोळा केलेली माहिती मोठ्या लढाईची आहे, तात्यांची नाही, आणि ती कोणत्याही ग्रंथालयात सापडते. तात्या युद्धाबद्दल बोलत नसत, हे मात्र स्पष्ट छापा. ते का बोलत नसत, याची कारणे आपल्या मनाने जोडू नका. आपल्याकडे, गेलेल्या माणसाच्या गप्प राहण्यातही आपण भराभर ‘त्याग’ आणि ‘वेदना’ भरून टाकतो.

उरलेल्या बारा पानांत वेणीला दोन पाने तरी द्या, आणि ती आपण स्वतः लिहा. तेल कोणते होते, कंगवा कोठे असे, आजीला बसते कसे करत, तीन पेड घालायला ते कोणाकडून शिकले, पहिले काही दिवस वेणी सैल पडत होती का, आजी त्यावर काय म्हणे, हे सगळे आपल्या आईला आणि आत्यांना आताच विचारा. ‘पत्नीची मनोभावे सेवा केली’ असे लिहिलेत तर ते शोकसभेतील कोणाच्याही आजोबांबद्दल खरे वाटेल. वागळे इस्टेटचेही तसेच : टाइमकीपर उशिरा आलेल्या कामगाराच्या कार्डाचे काय करत असे, हे त्या पाळीतला एखादा जुना सहकारी भेटला तर त्याच्याकडून कळेल. पदोन्नती आणि निवृत्तीच्या तारखा दोन ओळींत उरका.

एक सुचवावेसे वाटते. ‘पियानो’ची गोष्ट युद्धाच्या पानांत घालू नका, नातवंडांच्या पानांत ठेवा, वाचणाऱ्याला इटली तेथेच भेटू दे.

ताऱ्याला पितांबरी लावू नका, चिंचही नको. घासल्याने कोरीव अक्षरे बोथट होतात आणि मागच्या बाजूला किंवा कडेला नाव-क्रमांक असेल तर तोही पुसट होतो. मऊ कोरड्या कापडाने पुसा, फीत धुऊ नका, आणि छायाचित्र तारा आहे तसाच ठेवून, खिडकीजवळच्या उजेडात काढा. दोन्ही बाजूंचे काढा.