मिशी, छत्री आणि तुझं पहिलं पान

प्रिय दोस्ता,

रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू मोबाइल पुढे केलास. "सर, आवडत्या पात्रांवर काढलेल्या चित्राला २१२ लाइक आणि त्यांच्यावरच लिहिलेल्या गोष्टीला ३. लिहिणं सोडू का?" भेळ संपली तरी मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलंय.

आधी ते लाइक मोजणं थांबव. चित्र अंगठ्याखालून सरकतानाही दिसतं, गोष्टीला माणसानं बसावं लागतं. आणि बसणारे असतात बरं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या लेखनसंग्रहाला २०१९ साली ह्युगो हा विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्यातला मोठा पुरस्कार मिळालाय.

कॉलेजात असताना मी सिनेमाचे बॅनर रंगवायचो. फोटोवर चौकोन पाडायचे आणि तेच कापडावर मोठे करायचे. एकदा नायकाची मिशी मी जरा पातळ केली, चेहरा जास्त बोलका वाटला म्हणून. थिएटरवाला खालूनच ओरडला, "हा कोण रे?" रात्री शिडीवर चढून मिशी परत जाड केली. फॅनआर्टचं, म्हणजे चाहत्यानं दुसऱ्याच्या पात्रांच्या काढलेल्या चित्रांचं, तसंच आहे. ओळख पटली की निम्मं काम झालं, पण त्या खुणा सोडून फार लांब जाता येत नाही. जपानी कॉमिकमधला नारुतो म्हटला की गालांवर तीन-तीन रेघा आल्याच. त्याला सत्तरीचा कर, टक्कल पाड, रेघा काही सुटत नाहीत.

गोष्टीत नुसतं नाव पुरतं. 'नारुतो चष्मा शोधत होता' एवढं लिहिलंस की वाचणारा सोबत चालायला लागतो, कारण चेहरा त्याच्या डोक्यात आधीच आहे. म्हणून तर तुझं पहिलं पान मला खटकलं. केस कसे, डोळे कसे, कोट कुठला! तिथं तू शब्दांनी चित्र काढत बसलास, आणि तुझं खरं चित्र त्याहून कितीतरी सरस आहे. ते पान काढून टाक.

वि. स. खांडेकरांनी 'ययाति'त (१९५९) महाभारतातली माहितीचीच कथा घेतली, पण ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली. तोच संसार एकीला हक्काचा, दुसरीला चोरीचा. आपल्याच गावात राहिलेल्या माणसाचं हे काम. याला फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यानं दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेली गोष्ट, म्हटलं तर जुनी मंडळी मला बिंदू चौकात गाठतील, पण कूळ एकच.

आता तुझं पावसातल्या निरोपाचं चित्र. छत्री तिच्याकडे झुकलेली, त्याचा उजवा खांदा चिंब. हाच प्रसंग तू गोष्टीत चार ओळींत लिहिलास आणि वर 'त्याला तिची खूप काळजी होती' असंही सांगून टाकलंस. त्या खांद्यापुढे ही ओळ फिकी पडते, खोडून टाक. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान इथल्या कोटितीर्थ तळ्याचं पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तो उजेड कुणी मला लिहून सांगितला असता तर मी जांभई दिली असती.

पण निघायच्या आदल्या रात्री त्यानं तिला चिठ्ठी लिहिली आणि तीनदा फाडली, हे तू भेळ खाता खाता सहज बोलून गेलास. चित्रात फाटलेले कागद दिसतील. दुसऱ्या चिठ्ठीतला कुठला शब्द त्याला खोटा वाटला, ते दिसणार नाही.

येत्या रविवारपर्यंत ती रात्र लिहून आण. दोन पानं पुरेत. छत्री त्यात आणू नकोस.

तुझा,
सर