स्नेल राउंडहँड फॉन्ट लग्नपत्रिकेवर कुठे शोभतो?

बहिणीच्या पत्रिकेची इंग्रजी बाजू आख्खी स्नेल राउंडहँडमध्ये लावू का, असं तुम्ही विचारलंय. पत्रिकांची मांडणी मी बरीच वर्षं करतोय आणि हा तिरक्या, जोडून लिहिल्यासारख्या इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट माझा अतिशय लाडका आहे. तरीही सांगतो, आख्खी लावू नका. वधू-वरांची नावं त्यात घ्या, फार तर वरची निमंत्रणाची एक ओळ. तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता साध्या उभ्या अक्षरात ठेवा.

चार्ल्स स्नेल हे सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे लंडनचे लेखनगुरू. त्यांच्या वळणावरून अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी १९६५-६६च्या सुमारास लायनोटाइप या कंपनीसाठी हा फॉन्ट घडवला. तेव्हा फोटोटाइपसेटिंगचे, म्हणजे फिल्मवर प्रकाशाने अक्षरं उमटवून जुळणी करण्याचे दिवस आले होते. शिशाच्या खिळ्यांत तिरकं, एकमेकांना जोडलेलं अक्षर बसवणं फार कठीण, सांध्यात फट दिसायचीच. फिल्मवर ती अडचण उरली नाही. म्हणून यात एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरात अलगद मिसळते. कॅपिटल अक्षरांचे फर्राटेही बेताचे आहेत, नाव झाकून टाकत नाहीत. हा संयम मला सगळ्यात आवडतो.

हे वळण लिहिताना टोकदार लवचीक निब खाली येताना दाबली की रेघ जाड होते, वर जाताना केसासारखी बारीक. सगळं सौंदर्य त्या बारीक रेघेत आहे आणि छपाईत पहिली तीच मरते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ती तुटते, हँडमेड कागदावर पसरते, सोनेरी फॉइलमध्ये बुजते. त्यामुळे नावं ३० पॉइंटांच्या वर घ्या. गडद कार्डावर सोनेरी छापणार असाल तर बोल्ड वजन, म्हणजे फॉन्टचं जाड रूप निवडा. सगळी अक्षरं कॅपिटल करू नका, वाचताच येत नाहीत. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, सांधे उघडे पडतात. एका घरच्या पत्रिकेत मी हट्टाखातर पत्ताही याच फॉन्टात टाकला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी पाहुण्यांचे फोन सुरू झाले, ‘कार्यालयाचं नाव नीट लागत नाहीये.’ त्या दिवसापासून पत्ता कायम साधा.

आता मराठी बाजू. तिथे स्नेलचा जुळा भाऊ शोधू नका आणि मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर जबरदस्तीने तिरकी तर मुळीच करू नका. रोमन वळण मुख्यतः खालून जोडत जातं, आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. शिवाय आपली जाडी-बारकाई दाबातून येत नाही, बोरूच्या तिरक्या कापातून येते. (मोडीत तर आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग हात न उचलता लिहीत जायचे. धावतं वळण आपल्याकडेही होतंच.) गुगल फॉन्ट्सवरचा ‘कलम’ तीन वजनांत मिळतो, पण त्याचा स्वभाव वहीतल्या अक्षराचा. हळदीच्या निमंत्रणाला गोड दिसतो, मुख्य पत्रिकेला मला हलका वाटतो. कुठलाही फॉन्ट घ्या, आधी ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ लिहून बघा. ऱ्ह नीट उमटला नाही तर तो फॉन्ट मराठी पत्रिकेच्या कामाचा नाही. ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत का, तेही पाहा.

खरं सांगू? घरात कुणाचं अक्षर चांगलं असेल, आजोबा, मावशी, कुणीही, तर मराठी नावं त्यांच्याकडूनच कट निबने, म्हणजे चपट्या कापलेल्या टोकाच्या निबने लिहून घ्या. पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने, मोठी. ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि प्रेसवाल्याला द्या.