‘यांपैकी जी कमी असेल ती’

प्रश्न : वकीलताई, मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. 2020 च्या सप्टेंबरात कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतून सुटला म्हणून आमच्या पारावर पेढे वाटले होते. महिनाभरातच सरकारने व्यापाऱ्यांच्या साठ्यावर 25 टनांची मर्यादा घातली आणि लिलाव बंद पडले. पुढे तो कायदाच मागे घेतला, पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. ज्यांनी मत दिलं त्यांनी विधेयक वाचलं तरी होतं का? वाचलंच पाहिजे असा नियम आहे का? आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा हुकूम, असेल तर वाचून उपयोग काय? आम्ही काय करायचं?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, नियम नाही. वाचल्याशिवाय मत देता येणार नाही, असं ना घटनेत आहे ना सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांत. पण हाती घेतलेलं कर्तव्य निष्ठेने पार पाडीन अशी शपथ प्रत्येक सदस्य घेतो, आणि कायदा करणं हेच ज्याचं काम, त्याच्या कर्तव्यात वाचन आलंच असं मी मानते. विधेयकाच्या टप्प्यांना आपण आजही पहिलं, दुसरं आणि तिसरं वाचन म्हणतो. छपाई नव्हती तेव्हा इंग्लंडच्या संसदेत विधेयक खरोखरच मोठ्याने वाचून दाखवत, तिथून ही नावं आली.

आता तुमचा कांदा. जीवनावश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीचं ते विधेयक 15 सप्टेंबरला लोकसभेत आणि 22 सप्टेंबरला राज्यसभेत मंजूर झालं. जेमतेम दोन-तीन पानांचं. चहा निवायच्या आत वाचून होईल एवढं. त्यात कांदा सुटला असं कुठेही नव्हतं. फळं-भाज्यांचे किरकोळ भाव 100 टक्क्यांनी वाढले तर साठ्यावर मर्यादा घालता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ही वाढ मोजायची कशाशी? मागच्या बारा महिन्यांतल्या भावाशी किंवा पाच वर्षांच्या सरासरीशी, यांपैकी जी कमी असेल तिच्याशी. सगळी मेख या शेवटच्या चार-पाच शब्दांत होती. ऑक्टोबरात किरकोळ कांदा किलोला 55 रुपयांच्या आसपास गेला. आदल्या वर्षाशी ताडून पाहिलं तर वाढ 22 टक्के. पाच वर्षांची सरासरी मात्र 26 रुपयांच्याही आत होती, तिच्याशी ताडलं की 115 टक्के. मर्यादा लागली ती याच आधारावर. शिवाय मोजायचा तो ग्राहकाचा किरकोळ भाव. लासलगावला तुम्हाला क्विंटलला काय मिळालं, याचा त्या हिशेबात संबंधच नव्हता.

ज्याने ही पानं वाचली असती तो तुमच्या पारावर येऊन म्हणाला असता, दावं लांब केलंय, सोडलेलं नाही. निर्यातबंदी तर लोकसभेतल्या मंजुरीच्या आदल्याच दिवशी, 14 सप्टेंबरला आली होती. ती 1992 च्या परकीय व्यापार कायद्याखाली येते, आणि त्याला या विधेयकाने हातही लावला नव्हता. हे पेढे वाटण्याआधी तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

व्हिपचं म्हणाल तर 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर तो मोडला की सदस्यत्व जाऊ शकतं, हे खरं. पण व्हिप मताला असतो, डोळ्यांना नसतो. विधेयक वाचलेला सदस्य पक्षाच्या बैठकीत शंका काढू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, हे खासदारांच्या समितीकडे पाठवा म्हणू शकतो. खरं बारीक वाचन समितीतच होतं. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सोळाव्यात जवळपास चौथा हिस्साच गेली. 2020 ची शेतीची तिन्ही विधेयकं, तुमच्या कांद्याचं त्यांतलंच एक, समितीकडे गेलीच नाहीत. आणि ती रद्द करणारं विधेयकसुद्धा 29 नोव्हेंबर 2021 ला दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झालं. ते कायदे तुम्हाला हवे असोत वा नकोत, मला ही दोन्ही कामं सारखीच खटकली.

समितीने काय होतं, ते मी सुरगाणा तालुक्यात पाहिलंय. वनहक्काचे दावे भरून घ्यायला एका शाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी नागलीच्या डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती होती, 1991 ची. घड्यांवर विरलेली, शाई तपकिरी पडलेली. वनहक्काचं विधेयक 2005 साली मांडलं तेव्हा त्यात वनजमीन ज्या तारखेच्या आधीपासून ताब्यात हवी ती तारीख 25 ऑक्टोबर 1980 होती. संयुक्त समितीने कलम न कलम तपासलं आणि ती 13 डिसेंबर 2005 करावी असं सुचवलं. 2006 च्या कायद्यात तीच आली. म्हणून बाबांची पावती दाव्याला जोडता आली. 1980 च राहिलं असतं तर ती डब्यातच ठेवा म्हणायची वेळ माझ्यावर आली असती. बाबांना संसद कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. पावती मात्र त्यांनी परत मोजून चार घड्या घालून ठेवली.

तुम्ही काय करायचं? पुढच्या अधिवेशनात शेतीचं, पाण्याचं, बाजार समितीचं विधेयक आलं की त्याची प्रत मिळवा. मांडल्यावर ती सगळ्यांना खुली असते. सगळी वाचायची गरज नाही, तुमच्या पिकाला भिडणारं एक कलम निवडा. मग चार-पाच जण मिळून आमदार-खासदारांच्या कार्यालयात जा आणि त्या कलमाचा अर्थ त्यांच्याकडून, त्यांच्या तोंडून समजून घ्या. स्वीय सहायकाकडून नको. मतदानाच्या आधी जा. नंतर गेलात तर फक्त सत्कार करून परत याल.

प्रत इंग्रजीतच मिळाली आणि अडलं, तर मला कळवा. लिलाव आटोपल्यावर संध्याकाळी मी निफाडला येईन, पारावरच बसू.