पाच मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन का?

प्रश्न : राजारामपुरीतल्या एका हॉटेलात ५ मे रोजी ‘मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन’ म्हणून खास थाळी होती. माझा मुलगा अमेरिकेत असतो, तिथंही त्या दिवशी मोठ्या टोप्या घालून बिअर पितात. पण त्याच्या ऑफिसातला मेक्सिकन म्हणतो, ‘आमच्या गावी असलं काही नसतं.’ खरं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मेक्सिकन बरोबर, हॉटेलवाला चूक. थाळी चांगली असेल तर जरूर खा, पण त्यांचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला. १८१० साली इदाल्गो नावाच्या पाद्र्यानं स्पेनविरुद्ध उठावाची हाक दिली, त्याची ती आठवण. ‘सिंको दे मायो’ म्हणजे नुसतं ‘पाच मे’. ही गोष्ट ५२ वर्षांनंतरची, आणि तिची सुरुवात उधारीपासून.

आपसातल्या लढायांनी मेक्सिकोच्या तिजोरीत खडखडाट झाला होता. १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी जाहीर केलं, परदेशी देणी दोन वर्षं मिळणार नाहीत. वसुलीला ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्स तिघंही व्हेराक्रूझ बंदरात उतरले. दोघं बोलणी करून परतले. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन, त्याला मात्र मुलूखच हवा होता, आणि आडवी येणारी अमेरिका स्वतःच्या यादवीत अडकलेली.

राजधानीच्या वाटेवर पुएब्ला शहर. ५ मे १८६२ रोजी फ्रेंच तिथल्या टेकडीवरच्या लोरेतो आणि ग्वादालुपे किल्ल्यांवर सरळ चढून गेले. समोर मेक्सिकोचा ३३ वर्षांचा सेनापती इग्नासिओ सारागोसा, हाताशी फ्रेंचांहून कमी माणसं. फ्रेंच पुन्हा पुन्हा चढले नि मागं रेटले गेले. दुपारी पाऊस कोसळला आणि उताराचा नुसता राडा झाला. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चाललेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मसाई पठारापुढं चिखलात रुतलेली माझी चप्पल अजून तिथंच आहे. मी तर रिकाम्या हातानं चाललो होतो.

याच्या पुढचं सहसा कुणी सांगत नाही. सारागोसा सप्टेंबरातच विषमज्वरानं गेला. पुढच्या वर्षी दोन महिने वेढा घालून फ्रेंचांनी पुएब्ला घेतलंच, ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनला मेक्सिकोचा बादशहा करून बसवलं. १८६७ मध्ये हुआरेसच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या तेव्हा ते प्रकरण मिटलं.

अमेरिकेत हा दिवस बिअर कंपन्यांनी १९८० नंतर मोठा केला, हे खरं. पण तो त्यांनी शोधलेला नाही. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन १८६० च्या दशकापासूनच तो पाळत होते. अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरीवाल्या दक्षिणेशी लढाई चालू असताना फ्रेंच बादशहाची फौज हरली, याचं त्यांना अप्रूप होतं.

मेक्सिकोत थाट आहे तो मुख्यतः पुएब्लात, संचलनाचा. मेक्सिको सिटीतल्या पेन्योन दे लोस बान्योस वस्तीत तर लोक वेष करून ती लढाई दरवर्षी खेळतात. म्हणजे काहींना फ्रेंच होऊन हरावंच लागतं. शाळेच्या नाटकात तीन वर्षं सिद्दी जौहर झालेला मी, त्यांचं दुःख ओळखून आहे.