शेजारच्या टीव्हीचा आवाज अडवायला फोम लावू का?

नका लावू, पैसे वाया जातील. तुमच्या बेडरूमची आणि शेजाऱ्यांच्या हॉलची भिंत एकच आहे आणि त्यांच्या टीव्हीवरचा शब्दन् शब्द ऐकू येतो, असं तुम्ही लिहिलंय. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी करतो, स्टुडिओत तो त्यासाठीच असतो. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नसतं. अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, सगळ्यांची तीच गत.

मी इंटिरियरची कामं करतो. 'शब्दन् शब्द' म्हटलंत, तिथेच मला भिंतीपेक्षा भोकाचा संशय आला. दोन्ही बाजूंनी नीट गिलावा केलेली विटांची चार इंची भिंत असली, तर टीव्हीची गुणगुण येते, पण संवाद सहसा कळत नाहीत. कळतायत म्हणजे हवेला कुठून तरी वाट आहे.

पहिला संशयित स्विचबोर्ड. दोन्ही घरांचे कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेले, बॉक्स बरेचदा पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. चार इंचांत दोन बॉक्स म्हटल्यावर मध्ये विटेचा कपचा उरतो, कधी तोही नाही. रात्री पलीकडे टीव्ही चालू असताना आधी भिंतीला कान लावा, मग प्लेटजवळ न्या. फरक जाणवला तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या. जमलं तर बॉक्स फूटभर सरकवा आणि जुना खड्डा विटेचे तुकडे घालून सिमेंट-वाळूच्या मसाल्याने ठासून भरा.

दुसरी जागा बीमखालची. तिथली फट मसाला न ठासता नुसत्या गिलाव्याने झाकलेली असते, आणि फॉल्स सीलिंगच्या वर तर गिलावासुद्धा कुणी करत नाही. एका घरात सीलिंगचं झाकण काढलं, तर केबलवाल्याने पाडलेल्या भोकातून शेजारच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता! अशी भोकं सिमेंटने बुजवायची, बारीक फटींना सीलंट, म्हणजे फटी बुजवायची लवचिक पेस्ट. स्प्रेचा फोम इथेही नको.

एवढं करूनही भागलं नाही, तरच दुसरी भिंत. नुसता गिलावा जाड करून काही होत नाही: भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी पाच-सहा डेसिबलच कमी होतात, आणि आवाज कानाला निम्मा वाटायला साधारण १० लागतात. म्हणून मध्ये हवा ठेवायची. जीआय चॅनलची (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांची) फ्रेम मूळ भिंतीपासून इंचभर लांब, फक्त जमिनीला आणि स्लॅबला धरलेली, आत दोन इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), वर साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा न येऊ देता. कडेने सगळीकडे सीलंट. खोलीचे चार इंच जातात. काम चालू असताना समोर उभे राहा, कारण फ्रेम हलते म्हणून कारागीर सवयीने भिंतीत चार स्क्रू मारतो आणि कंपनांना आयता पूल मिळतो.

मिक्सर, ओढलेल्या खुर्च्या, ड्रिल यांचा आवाज मात्र स्लॅब आणि कॉलममधूनही येतो, त्यावर ही भिंत फारशी चालत नाही. मिक्सरखाली रबराचा पॅड, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, आणि तेही शेजाऱ्यांच्या घरात. त्यांचा टीव्ही याच भिंतीवर ब्रॅकेटला टांगलेला असेल, तर तो युनिटवर ठेवून बघायची विनंती सगळ्यात आधी करा. त्याला काही खर्च नाही.